दोन इंच पाणी

कोरेगाव भीमाला मी ज्या कंपनीत मेंटेनन्सला होतो, तिथं मोटरींच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असायचा. बंद पडलेली मोटर माझ्या टेबलावर यायची, मी शाफ्ट हातानं फिरवून बघायचो, नाक खुपसून वास घ्यायचो आणि बेअरिंग गेलंय का वाइंडिंग ते सांगून मोकळा व्हायचो. खात्यातली पोरं मला मास्तर म्हणायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जे केलं त्याला कुणी अडाणीपणा म्हणू नये. अडाणी माणसानं केलं असतं तर त्याला माफ तरी करता आलं असतं.

माझे वडील दौंडला रेल्वेत खलाशी होते. सगळा जन्म क्वार्टरमध्ये काढला, आणि रिटायर झाल्यावर मिळालेल्या फंडातून त्यांनी मांडवगण फराट्याच्या शिवारात चार एकर माळ घेतला. माळच तो. नदीकाठची काळी जमीन आम्हाला कोण विकतंय! वर उभं राहिलं की खाली भीमा दिसायची, दोन्ही काठांचा ऊस दिसायचा आणि आमच्या पायाखाली मुरूम. तरी वडील त्या मुरमावर चप्पल काढून चालायचे. स्वतःच्या नावावर जमीन असलेला आमच्या घराण्यातला तो पहिला माणूस.

आईनं मात्र क्वार्टर सोडायला एक अट घातली होती. पाणी आपलं पाहिजे. आपलं म्हणजे आपलंच, शेजाऱ्याचं नाही, गावचं नाही. तिच्या माहेरी आमच्या माणसांनी आडाला हात लावायचा नाही असा कायदा होता. कागदावर उलटंच लिहिलेलं होतं, पण कागद वाचून कुणी पाणी शेंदत नाही. लहानपणी ती आडापासून दहा पावलांवर घागर घेऊन बसायची. कुणी बाई आली आणि तिच्या मनात आलं तर ती वरून ओतायची. मनात नाही आलं तर ऊन डोक्यावर येईस्तोवर बसून राहायचं. लग्न होऊन दौंडला आली तेव्हा क्वार्टरमधला नळ तिनं पहिल्यांदा सोडला आणि बंदच केला नाही. धारेखाली हात धरून उभी राहिली, शेवटी शेजारणीनं येऊन बंद केला. त्या दिवसापासून तिनं मनाशी एक गाठ मारली होती, की आता पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. वडिलांना हे पुरतं माहीत होतं. म्हणून घर बांधायच्या आधी त्यांनी बोर घेतलं.

बोरवाल्यानं गाडी बंद करून सांगितलं, "दोन इंच पाणी हाय." वडिलांनी पेढे वाटले. मग जो भेटेल त्याला ते सांगत सुटले, आमचं दोन इंच पाणी हाय. पोराचे मार्क सांगावेत तसं सांगायचे. दोन इंच हा शब्द आमच्या घरात तेव्हापासून जो बसला तो बसलाच.

आता राहिली वीज. लाइटीचे डांब खाली आप्पांच्या बांधापर्यंत आलेले. आप्पा म्हणजे आमच्या माळाच्या खालचे बागाईतदार, सोसायटीचे चेअरमन राहिलेले, सगळं गाव त्यांना आप्पाच म्हणायचं. त्यांच्या उसातनं चार डांब रोवले की आमच्या दारात दिवा. वडील विचारायला गेले तर आप्पा हसून म्हणाले, "रोवा की डांब. कोण न्हाई म्हणतंय? फकस्त माझ्या रानातनं नगं. ट्रॅक्टरला आडवं येतंय." ऑफिसात गेलं की म्हणायचे शेतमालकाचं संमतीपत्र आणा. पुन्हा आप्पा, पुन्हा ट्रॅक्टर. आप्पांच्या स्वतःच्या विहिरीकडं जाणारे डांब त्याच उसात उभे होते, त्यांना ट्रॅक्टर कसा काय चुकवायचा, हे विचारायची आमची छाती झाली नाही. शेवटी वडिलांनी रॉकेलवर चालणारा एक छोटा जनरेटर घेतला आणि बोरमध्ये एक एचपीची पाणबुडी मोटर सोडली. हँडलची दोरी ओढायची, जनरेटर धडधडायला लागला की मोटरचं बटण दाबायचं. आई तेसुद्धा शिकली. वडील दोन वर्षांत गेले. मी म्हटलं चल कोरेगावला, तर म्हणाली, "माझं पाणी हितं हाय, मी तिकडं येऊन काय करू?"

एका उन्हाळ्यात खालचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि पंधरा दिवस सगळ्या शिवारातल्या मोटरी मुक्या झाल्या. आप्पांची विहीर खोल, एवढ्या घराला आणि गुराढोरांना शेंदून शेंदून किती पुरणार? तेव्हा त्यांच्या सुना हंडे घेऊन वर आमच्या माळावर आल्या. मी रविवारचा घरी होतो. आईनं जनरेटर चालू केला आणि नळी त्यांच्या हातात दिली. "घ्या. तुमच्या हातानं भरून घ्या," म्हणाली. एवढंच. पण ते म्हणताना तिनं कमरेवर हात असे काही ठेवले होते, की मला हसू पण आलं आणि डोळ्यांत पाणी पण आलं.

तिची पाणी घ्यायची एक पद्धत होती. बारा हंडे झाले की मशीन बंद. मग तासभर बोरला हात लावायचा नाही. घाई असली, पाहुणे आले, लिंबाची रोपं सुकायला लागली, तरी नाही. कधी चुकून जास्त चाललं तर पाणी तांबूस यायला लागायचं, मग ती हातातलं टाकून पळत सुटायची आणि आधी बटण बंद करायची. "बोर दम खातंय," म्हणायची. मला त्याची मजा वाटायची. बोर म्हणजे काय दम्याचा म्हातारा आहे का? दोन इंच पाणी, आणि ही बारा हंड्यांवर बसलीय! मी कंपनीत ही गोष्ट डबा खाताना सांगायचो आणि पोरं खो खो हसायची.

सात वर्षं चालून ती मोटर एकदाची जळाली. खात्यातली तीन पोरं आणि मी, अशा चौघांनी मिळून पाइप ओढून ती वर काढली. वाइंडिंग काळं ठिक्कर पडलेलं, आतले पंखे गाळानं झिजून कागदासारखे झालेले. दुरुस्तीत राम नव्हता. नवीन घ्यायचं ठरलं. आईनं बाजूला बसून सगळं बघितलं आणि म्हणाली, "हिच्यासारखीच आण. बारीक. न्हाईतर सरळ हापसा बसव, मी हापसत बसंन."

"एकशेऐंशी फुटांवरनं हापसशील?" मी म्हटलं. "हात गळून पडतील."

"पडूंदेत. मोठी मोटर आणू नको म्हंजी झालं. आपलं पाणी दम खातं, बाळा."

मी नुसती मान हलवली. माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. आमच्या कंपनीनं त्याच महिन्यात एक जुना डिझेल जनरेटर भंगारात काढला होता. पंधरा केव्हीएचा, दणदणीत. साहेबाच्या मागं लागून मी तो मिळवला, सुट्टीच्या दिवशी खोलून पुरा बसवला आणि टेम्पोत घालून माळावर आणला. आता माझ्याकडं ताकद होती. आप्पांच्या डांबावाचून, कुणाच्या संमतीपत्रावाचून, थ्री फेज. एवढा रेडा दारात बांधल्यावर त्याला एक एचपीची मोटर लावायची म्हणजे काय? मला लाज वाटायला लागली. हे मी आज कबूल करतो. मोटर निवडायची असते पाण्यावरून. मी निवडायला लागलो जनरेटरवरून.

दौंडला बाजारात मोटरींचं एक दुकान होतं. दुकानदार वयस्कर, चष्मा कपाळावर ठेवणारा, सरळ माणूस. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार असती तर बरं झालं असतं, थोडं ओझं त्याच्यावर टाकता आलं असतं. त्यानं सगळं नीट विचारलं. बोर किती फूट? दोनशेदहा. रुंदी? साडेसहा इंच. मोटर कितीवर टांगलेली? वीज कुठली?

"जनरेटरवर," मी म्हटलं.

"मग जनरेटर मोटरीच्या तिप्पट तरी पायजे. सुरू व्हताना ती लई ओढती."

"पंधरा केव्हीएचा आहे," मी जरा मोठ्यानंच म्हटलं.

"वा. आन् बोरला पाणी किती?"

"दोन इंच."

"कुणी मोजलं?"

"बोरवाल्यानं."

"ते तवाचं झालं. त्यानंतर कवा मोजलं का?" त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "म्हंजी असं बघा, दोनशे लिटरचा ड्रम लावायचा, घड्याळ लावायचं. किती वेळात भरतोय, आन् धार कवा तुटती, आन् तुटल्यावर पुन्हा पाणी यायला किती वेळ लागतोय. तेवढं सांगा, मी तुम्हाला डोळं मिटून मोटर देतो."

मोटर जळालेली, आता काय मोजणार, असं काहीतरी मी पुटपुटलो. अरे लेका, मोजलेलं होतं! सात वर्षं रोज मोजलेलं होतं! बारा हंडे, मग तासभर दम. दुकानदार जो आकडा मागत होता तो माझ्या आईच्या तोंडात रोजचा होता, आणि मी तो डब्याबरोबर चवीला घेत होतो. तिनं लिटरमध्ये सांगितला असता तर कदाचित मला ऐकू आला असता. हंड्यात सांगितला म्हणून तो बायकांचा हिशेब झाला.

तेवढ्यात बाकावर बसलेला एक गडी मध्ये पडला. राहूकडचा बागाईतदार, साडेसात एचपीची मोटर भरून न्यायला आलेला, तोंडात तंबाखू. त्यानं मला विचारलं, "आत्तापातूर कितीची व्हती?"

"एकची," मी म्हटलं.

"एक?" त्यानं तंबाखू थुंकायला मान बाहेर काढली आणि परत आत घेतली. "पाव्हणं, शेती करायची का देव धुवायचं?"

दुकानातले सगळे हसले. दुकानदारसुद्धा गालात हसला. आमच्या घरात धुवायला देव नाहीत, आम्ही बौद्ध, हे त्या गड्याला कुठं माहीत? त्यानं आपली सहज थट्टा केली. तो संध्याकाळपर्यंत विसरलाही असेल. पण माझे कान तापले. मास्तर म्हणवून घेणाऱ्या माणसाला एका एचपीवरनं हसतात म्हणजे काय! मी काउंटरवर हात ठेवला आणि म्हणालो, "पाच द्या."

"पाच?" दुकानदार म्हणाला. "तिला दोन इंची डिलिव्हरी येती बघा."

"मग बरोबरच आहे की! पाणी दोन इंच, पाइप दोन इंच."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग एक छापील तक्ता काढून माझ्या हातात दिला. किती फुटांवरनं मिनिटाला किती लिटर ओढते, सगळं ओळीनं लिहिलेलं. "एकदा घरी वाचा. घाई करू नका," म्हणाला. असले तक्ते वाचायचाच मी पगार घ्यायचो. मी तो घडी घालून खिशात ठेवला आणि म्हटलं, गाडीत चढवा.

आता ती इंचाची भानगड सांगतो. मला ती नंतर कळली. बोरवाला पाणी मोजतो तेव्हा हवेनं वर उडालेलं पाणी चर काढून एका पत्र्याकडं वळवतो. त्या पत्र्याला खाच असते, आणि पाणी त्या खाचेत किती इंच चढलं ते तो सांगतो. दुकानात इंच म्हणजे पाइपाचं तोंड. शब्द एकच, पण त्या इंचात आणि ह्या इंचात तिप्पट-चौपट पाण्याचा फरक. आमच्या भागातल्या कितीतरी जणांनी ह्या एका शब्दापायी मोटरी जाळल्या आहेत, तेव्हा मी एकटाच येडा नव्हतो, असं म्हणून मी काही वर्षं स्वतःची समजूत घातली. पण ते खरं नाही. इंचाची चूक ज्याला कुणी सांगणारं नव्हतं त्याची. मला दुकानदारानं सांगितलं होतं, तक्त्यानं सांगितलं होतं आणि आईनं तर सात वर्षं सांगितलं होतं.

मोटर माळावर उतरवली तेव्हा आईनं तिच्याभोवती एक फेरी मारली. "ही केवढी रं?"

"पाच एचपीची."

"मी काय सांगितलं व्हतं तुला?"

"आई, तू हंडे मोज. मोटर मला कळते."

 ती पदर खोचून चुलीकडं गेली. हे वाक्य मी तिला कुणासमोर म्हटलं नव्हतं, दोघंच होतो, म्हणून त्याचा साक्षीदार मीच. वाटतं जीभ झडली असती तर बरं.

रविवारी सकाळी फिटर आला. तीन बल्ल्यांचा तिपाया उभा केला, कप्पी लावली आणि पाइपाला पाइप जोडत मोटर खाली सोडली. आणि मी, मी आप्पांना निरोप धाडला. नवी मोटर चालू करतोय, या बघायला. काय गरज होती? कुणी सांगितलं होतं? पण मला त्यांनी बघायला हवं होतं. तुमचा डांब नाही तरी आमचं अडलं नाही, हे त्यांच्या डोळ्यांनी बघून त्यांनी खाली उतरावं, एवढीच माझी इच्छा होती. बाकी पाणी कुणाला हवं होतं? मला नव्हतंच.

आप्पा आले. बांधावर काठी टेकून उभे राहिले. मी जनरेटर चालू केला, स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, आणि आई गं! दोन इंची पाइपातनं भरगच्च धार अशी बाहेर आली की चार हात लांब जाऊन पडली. आई हंडा घेऊन पुढं झाली तर धारेनं हंडा तिच्या हातातनं उडवला आणि तो ठण ठण करत खडकावर गेला. मी हसलो. फिटर हसला. आप्पाही हसले आणि म्हणाले, "आयला, आता तुम्ही पण बागाईतदार झाला की!"

माझी छाती अशी फुगली म्हणता.

आई हंडा उचलून आली. "झालं, बघितलं. आता बंद कर."

"थांब गं, पाच मिनिटं."

"बंद कर म्हणते ना. त्येला दम खाऊ दे."

"आत्ता तर चालू केलीय!" मी आप्पांकडं बघत बोललो. पाणी मुरमावरनं धावत लिंबांच्या आळ्यांत शिरलं, आळी फुटली, पाणी आप्पांच्या बांधाकडं निघालं. जाऊ दे म्हटलं, त्यांच्या उसात जाऊ दे, कळू दे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. धार तांबूस झाली. आईनं माझा दंड धरला. मी तिचा हात सोडवला. हळूच नाही सोडवला, झटकला. मग धार लाल झाली, गेरूसारखी दाट, मग पाइप खोकल्यासारखा फसफसला आणि नुसता चिखल थुंकायला लागला. जनरेटरचा आवाज एकदम हलका झाला, म्हणजे मोटर कोरडी पळत होती. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. मी धावत जाऊन बंद केलं.

तिथंच थांबलो असतो तरी. पण आप्पा बांधावर उभे होते. मी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोललो, पहिल्यांदा गाळ येतोच म्हणालो, आणि पुन्हा बटण दाबलं. स्टार्टरचा खटका खाटकन पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला. खाली मोटर गच्च झाली होती.

फिटरनं बॅटरीचा उजेड बोरमध्ये सोडला आणि बराच वेळ डोळा लावून बघत राहिला. ऐंशी फुटांवर खडकाच्या दोन थरांमध्ये गेरूचा लाल पट्टा असतो, तो बोर घेतानाच लागलेला. बारीक मोटरीनं सावकाश ओढलं तोवर तो टिकून होता. मी एका दमात बोर रिकामं केलं आणि तो पट्टा वरनं ढासळून मोटरीवर जाऊन बसला. कप्पी लावून ओढलं. बल्ल्या करकरल्या, पाइप ताणला, आणि मध्येच कुठंतरी तुटून वरचे पाइप मोकळेच हातात आले. मोटर खाली गाडली गेली. वडिलांनी घर बांधायच्या आधी घेतलेलं बोर, मी एका सकाळच्या आत मारलं.

आप्पा बांधावरनं म्हणाले, "व्हतं असं. लई हाव बरी न्हाई." आणि काठी टेकत खाली उतरले.

दोन्ही जनरेटर विकून मी दुसरं बोर घेतलं. पाणाड्यानं नारळ हातावर धरून जागा दाखवली, तीनशे फूट खाली गेलो, नुसता फुफाटा उडाला. आईनं तो दारात बसून बघितला आणि केस झटकले. मग मी तिला कोरेगावला आणलं. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, घरमालक सकाळी अर्धा तास नळ सोडायचा. दुसऱ्याच दिवशी तिनं मला विचारलं, "हितं पण त्येनं सोडल्यावरच घ्यायचं व्हय?" मी म्हटलं, अगं शहरात असंच असतं. महिनाभर राहिली आणि एका रविवारी पिशवी भरून दारात बसली. "चार एकर रान तिकडं वाऱ्यावर सोडून मी हितं काय बादल्या मोजू? मला माझ्या घरी सोड." मी सोडलं. पाण्याचं काय, हे आम्ही दोघंही वाटेत बोललो नाही.

आप्पांनी पाणी दिलं. खोटं कशाला बोलू? एका शब्दानं दिलं. "न्या की, कोण न्हाई म्हणतंय? विहीर कुठं आटतीय?" विहिरीवर सिमेंटचा हौद होता, त्याला तोटी होती, आई रोज दोन खेपा करायची. कुणी तिला अडवलं नाही, कुणी वरून ओतलं नाही, कुणी लांब बस म्हटलं नाही. जग बदललं आहे असं भाषणात म्हणायला हरकत नाही. मी धीर करून पुन्हा डांबाचं विचारलं. म्हटलं, आप्पा, लाइट आली तर खालच्या अंगाला कुठं तरी अजून एक बोर घेऊन बघता येईल, आईची खेप वाचेल. आप्पा खरंच नवलानं माझ्याकडं बघायला लागले. "आता डांब कशाला?" म्हणाले. "पाणी देतोय की मी."

 त्यांच्याच हौदाचं पाणी त्या दिवशी सकाळी पिऊन निघालो होतो.

त्यानंतरच्या एका रविवारी मी तिच्याबरोबर हौदावर गेलो. मी हंडा घेतो म्हटलं तर तिनं दिला नाही. हौदावर आप्पांच्या सुना धुणं धूत होत्या. थोरली म्हणाली, "या की मावशी, भरा." तोटी मोकळी होती. तरी आई पुढं झाली नाही. हंडा पायाशी ठेवून चार पावलं मागं, बांधाला लागून उभी राहिली. "व्हऊ दे तुमचं," म्हणाली. मी तिच्याकडं बघत राहिलो. सुनांनी सगळं धुणं पिळलं, बादल्या उचलल्या, मग ती गेली.

हंडा भरत असताना आप्पा गोठ्याकडनं आले. "काय गं, लेक आलाय व्हय?" त्यांनी सहज विचारलं.

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मान खाली घातली आणि म्हणाली, "व्हय जी. आजच आलाय जी."

 असलं ‘जी’ मी तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. दौंडच्या क्वार्टरमध्ये आमचा आजा, वडिलांचा बाप, मुकादमाला पण जी म्हणायचा, तर ती ताट आपटायची. मला तिनं साहेबाशी बोलताना होय साहेब, नाही साहेब म्हण म्हणून शिकवलं, पण जी नाही. आणि आता तिनं दोन वाक्यांत दोनदा म्हटलं, आणि आप्पांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते मान डोलवून निघून गेले.

चढावर मी तिच्या मागनं चालत होतो. राग कुणावर काढावा कळत नव्हतं, म्हणून तिच्यावरच काढला. "आई, त्यांना जी कशाला म्हणतेस गं? काय जरूर आहे? कुणी म्हणायला सांगितलंय तुला?"

ती थांबली. डोक्यावर भरलेला हंडा, त्यामुळं मान वळवता येत नव्हती, तिला अख्खं फिरावं लागलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

"मी कुठं म्हणते," ती म्हणाली. "तोंडातनं येतं. ते येऊ नये म्हणून तर तुझ्या बापानं बोर घेतलं व्हतं."